परदेशवर्षाची उचल

परदेशात एखादे वर्ष काढून आलेल्या तरुणाने त्या वर्षाविषयी काही लिहावे, घरच्यांनी ते कौतुकाने वाचावे व संपादकांनी आनंदाने छापावे, ही चाल आपल्याकडे आता पुरती रुळली आहे. दिवाळी अंक, महाविद्यालयांची वार्षिके, वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या यांतून असे लेख एकसारखे नजरेस पडतात. ते वाचण्याचा उद्योग आम्ही गेली काही वर्षे चिकाटीने केला आहे, आणि त्या उद्योगाचे फळ म्हणून एवढे खचित सांगता येते की, बहुतेक लेखांची ठेवण एकाच साच्यातून काढल्यासारखी असते. आरंभी विमानतळावरील आईचे डोळे; मग पहिले बर्फ; मग करपलेली डाळ; मग एकटेपणाचा एक परिच्छेद; मग देशोदेशींच्या मित्रांची एक मेजवानी; आणि अखेरीस, या वर्षाने माझी मलाच ओळख करून दिली, अशा आशयाचे एक वाक्य. यांत खोटे काहीच नसते. आईचे डोळे खरोखरच भरलेले असतात, व डाळही खरोखरच करपलेली असते. परंतु लेख वाचून संपला तरी एक साधा प्रश्न मनात राहतो, आणि त्याचे उत्तर त्या चार-पाच पानांत कोठेही सापडत नाही. या वर्षाचे पैसे कोणी दिले?

प्रश्न रुक्ष आहे खरा. पण आम्ही ज्या जिल्ह्यात राहून हे लिहीत आहोत तेथे तो कोणासही ग्राम्य वाटणार नाही. बीड जिल्ह्यात घर सोडून दूर जाण्याशी एक शब्द कायमचा जोडला गेला आहे, तो म्हणजे उचल. दसरा-दिवाळी झाली की आष्टी, पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूर, केज या भागांतील माणसे लाखांच्या संख्येने ऊसतोडीस निघतात; कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी पुणे-सोलापूरकडे, कोणी थेट कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. या कोयत्याने निघण्यापूर्वीच मुकादमाकडून रक्कम घेतलेली असते, तीच उचल. मग पाच-सहा महिने ऊस तोडून, मोळ्या बांधून, गाड्या भरून ती फेडावयाची. पाडव्याच्या आगेमागे माणसे परत येतात, आणि फिटले नसेल तेवढे पुढील सालावर चढते. कोपीत काढलेल्या त्या महिन्यांविषयी गावात बोलणे निघाले की पहिला प्रश्न हाच: उचल किती होती, आणि फिटली का? परमुलखाची हकीकत विचारण्याची ही आमच्याकडील रीत आहे.

हीच रीत वाङ्मयास लावून पाहिली तर काय दिसते? प्रत्येक परदेशवर्षाला कोणती ना कोणती उचल असतेच. ती रोख असेल: संस्थानाची किंवा सरकारची शिष्यवृत्ती, बँकेचे कर्ज, बापाने विकलेली दोन एकर जमीन. किंवा ती शब्दाची असेल: निघताना चारचौघांसमोर दिलेले एखादे वचन. ज्या लेखकाने आपली उचल ओळखली व वाचकांपुढे मांडली, त्याचे वर्ष पन्नास किंवा शंभर वर्षांनीही वाचवते. ज्यास तिचे भानच नव्हते, त्याचे वर्ष सहलीच्या वर्णनापलीकडे जात नाही. जुन्यांतील काही नावे घेऊन हे पाहू.

१८८३ च्या एप्रिल महिन्यात आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून एकट्या अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांस नुकते अठरावे वर्ष पुरे झाले होते. प्रवासाच्या खर्चाची जुळवाजुळव कष्टाची होती. तथापि त्यांची खरी उचल पैशाची नव्हे. निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी रोजी, श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात त्यांनी जे भाषण केले, त्यात हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा शब्द त्यांनी जाहीरपणे दिला. हा शब्द देताना त्यांस आपण किती उचलत आहोत याची कल्पना असेल काय? फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात, धूर कोंडणाऱ्या शेगडीच्या खोलीत, धूर सोसावा की थंडी सोसावी असा पेच असलेल्या एका मुलीस तो शब्द दररोज थोडा थोडा फेडावा लागत होता.

त्यांची पत्रे या दृष्टीने वाचावीत. लुगडे नेसण्याची पद्धत बदलल्याविषयीचा मजकूर घ्या. नऊवारी नेसल्यास पोटऱ्या उघड्या राहतात, ते तिकडील हवेस व तिकडील रीतीस दोहोंस सोसण्याजोगे नव्हे. म्हणून गुजराती धर्तीने नेसणे सुरू केले. वरवर पाहता ही कपड्यांची गोष्ट आहे. परंतु आपण ती वाचतो तेव्हा अंगावर काटा येतो, कारण हे कौतुकाने सांगितलेले नसून खुलाशादाखल सांगितलेले आहे. पलीकडे गोपाळराव आहेत. त्यांच्यामागे पुण्या-मुंबईचा समाज आहे. आणि ही मुलगी घेतलेल्या शब्दातून किती खर्च झाला व किती शिल्लक आहे याचा हिशेब पाठवीत आहे. आजच्या एखाद्या लेखात वेशांतराचा असाच प्रसंग आला तर तो गमतीचा किंवा आत्मशोधाचा होतो. आनंदीबाईंच्या पत्रात तो जमाखर्च आहे, आणि म्हणूनच त्यात प्राण आहे.

११ मार्च १८८६ रोजी त्यांस पदवी मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली. त्या जागेवर रुजू होणे मात्र घडले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रात त्यांच्या पत्रांस जागा मिळाली, ही काशीबाईंची मोठीच कामगिरी म्हटली पाहिजे. पुढे श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ साली आली व अतिशय लोकप्रिय झाली. कादंबरी म्हणून तिचे गुण आम्ही नाकारीत नाही. तथापि तिच्यामुळे मराठी वाचकांचे लक्ष ऋणकोपेक्षा सावकाराकडेच अधिक वळले, असे आमचे मत आहे. गोपाळरावांचा विक्षिप्तपणा घरोघर ठाऊक झाला. खोलीतील धूर कितीजणांच्या लक्षात राहिला?

त्याच १८८३ च्या एप्रिलमध्ये पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेस घेऊन इंग्लंडास निघाल्या. त्यांचे वय पंचवीस. जहाजाचे भाडे त्यांनी आपल्या ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीतून उभे केले, आणि वाँटेज येथील मठात राहताना तेथील भगिनींस मराठी शिकवून आपल्या अन्नाचा मोबदला देण्याची व्यवस्था केली. उचल शक्य तितकी कमी ठेवावयाची, हा बाईंचा बाणा. त्याचे कारण पुढे उघड होते. सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आणि ज्यांनी आश्रय दिला, ज्यांच्या धर्मात प्रवेश केला, त्यांच्याशीच मतस्वातंत्र्यावरून त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला आहे. इंग्रजीत असला तरी आमच्या तरुणांनी तो अवश्य वाचावा. उपकाराखाली राहून उपकारकर्त्याच्या तोंडावर ‘मला हे पटत नाही’ असे सभ्यपणे, पण एक पाऊलही मागे न घेता कसे म्हणावे, हे त्यात पाहावयास मिळते.

उचल मांडण्यात एक मोठा धोका आहे, हे येथे सांगितले पाहिजे. ऋणाची जाणीव झाली की लेखणी लाचार होण्याचा संभव असतो. ज्या संस्थेने पैसे दिले ती उदार, ज्या देशाने जागा दिली तो स्वर्ग, असा सूर लागतो. आभाराचे लेख हा त्यातूनच निघालेला एक निर्जीव प्रकार आहे. रमाबाईंचा ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा १८८९ चा ग्रंथ या रोगावर उत्तम औषध आहे. अमेरिकेत त्यांस जेवढा सन्मान व जेवढे द्रव्यसाह्य मिळाले तेवढे क्वचितच कोणा हिंदी माणसास तोवर मिळाले असेल; बॉस्टनच्या मंडळींनी तर त्यांच्या नियोजित शाळेचा भार दहा वर्षे उचलण्याचे कबूल केले. अशा यजमानांविषयी लिहिताना त्यांच्या स्त्रियांची शिक्षणातील व संघटनेतील प्रगती बाई मोकळ्या मनाने वाखाणतात, आणि त्याच ग्रंथात काळ्या लोकांवरील अन्याय, मूळ रहिवाशांची दैना व तंग पोशाखाची खुळे यांवर तितक्याच मोकळेपणाने बोट ठेवतात. मिळालेल्या साह्याची फेड १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदासदन उघडून सुरू झाली. लेखणीने फेड करण्याचे मात्र त्यांनी साफ नाकारले. प्रवासवर्णनाच्या इतिहासात या ग्रंथाचा उल्लेख केला जातो, पण आमच्या मते तो पाठ्यपुस्तक होण्याच्या योग्यतेचा आहे.

विठ्ठल रामजी शिंदे यांच्याविषयी थोडक्यात सांगतो. त्यांस न्याय द्यावयाचा तर स्वतंत्र लेखच हवा. १९०१ ते १९०३ ही दोन वर्षे ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर महाविद्यालयात तौलनिक धर्माचा अभ्यास करीत होते, आणि ही सोय युनिटेरियन मंडळींच्या साह्याने झाली होती. त्यांची तेथील रोजनिशी उपलब्ध आहे. तीत निसर्गाची वर्णने आहेत, सरोवरे आहेत, माणसांविषयीचे बारीक निरीक्षण आहे; पण वाचता वाचता असे दिसते की हा तरुण तेथील गरीब वस्त्यांत चालणारी मिशनची कामे पाहत असताना मनात कसलीशी मोजदाद करीत आहे. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत अस्पृश्यवर्गासाठी त्यांनी जी मंडळी स्थापिली, तिच्याकडे पाहिल्यावर त्या मोजदादीचा अर्थ लागतो.

आता डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आमच्या मुद्द्याचा सगळ्यात मोठा पुरावा त्यांच्यापाशी आहे, आणि तो बहुतेक समीक्षकांनी प्रवासवाङ्मयाच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. १९१३ साली बावीस वर्षांचे आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. आमच्या जिल्ह्यातील कोणत्याही मुकादमास हा कागद पाहताच ओळखू आला असता. आधी रक्कम, मग काम.

या वर्षांचे वर्णन त्यांनी कोठे केले? ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाचे एक छोटेखानी आत्मकथन त्यांनी पुढे इंग्रजीत लिहिले. पुस्तिकेच्या रूपाने ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९९० साली, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने काढले. विद्यापीठाचे ग्रंथालय, रस्ते, बर्फ, मित्र यांचे वर्णन शोधू गेल्यास वाचकाची निराशा होईल. युरोप-अमेरिकेतील पाच वर्षांच्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, एवढ्याच आशयात ती सारी वर्षे आटोपली आहेत. त्यापुढे आहे ते बडोद्याचे स्टेशन. १९१७ साली कराराप्रमाणे नोकरीवर रुजू होण्यास आलेल्या या माणसापुढे प्रश्न असा उभा राहतो की, उतरावयाचे कोठे? हिंदू खाणावळ घेणार नाही. पारश्यांच्या विश्रामगृहात नाव बदलून राहावे लागते. माडीवर अडगळ भरलेला अंधारा दिवाणखाना, मिणमिणता कंदील, वटवाघळे, आणि बोलावयास दुसरे मनुष्य नाही. अकराव्या दिवशी हाती काठ्या घेतलेले पारशी जिना चढून येतात. ओळखीच्या दोघांकडे, एक हिंदू व एक ख्रिस्ती, विचारून पाहिल्यावर दोघांचीही सौजन्यपूर्ण असमर्थता. मग सार्वजनिक बागेत काढलेले काही तास, आणि रात्रीची मुंबईची गाडी.

परदेशवर्षावर इतके प्रभावी लेखन आमच्या वाचनात दुसरे नाही. परदेशाला दिलेली जागा एका वाक्याची, परतीला दिलेली पानेच्या पाने. पण त्या एका वाक्याचे वजन पुढील प्रत्येक ओळीवर पडलेले आहे. न्यूयॉर्कमध्ये काय मिळाले ते बडोद्याच्या काळोखात दिसते. आणि उचल कशी चुकते हेही येथे प्रथमच दिसते: ऋणको काम करावयास तयार आहे, करार पाळावयास आला आहे, परंतु सावकाराच्या गावात त्यास पाठ टेकण्याइतकी जागा नाही. परवाना लागतो तो दुसऱ्याच्या देशात शिरताना. येथे तो आपल्याच देशात मागावा लागत आहे, आणि ते सांगताना लेखकाचा आवाज कोठेही चढत नाही. अमुक वाजता हे झाले, अमुक माणूस असे म्हणाला, अशी सरळ नोंद. अलीकडील तरुण लेखकांस भावना व्यक्त करण्याची जी विलक्षण घाई असते, तिला या पानांजवळ थोडे थांबविले पाहिजे.

याच पुस्तिकेत आणखी एक प्रकरण आहे, त्याने आम्हां बीडकरांस दचकावयास होते. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांबरोबर मोटारीने औरंगाबादच्या बाजूस आले होते. दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदाच्या पाण्याने त्यांनी हातपाय धुतले, त्यावरून हौद बाटविला असा गहजब झाला, व किल्ला पाहावयाचा तर पाण्यास शिवू नये, अशा अटीवर पहारेकऱ्याने त्यांस आत सोडले. हे घडले ते निजामाच्या मुलखात, म्हणजे बीड ज्या राज्यात होते त्याच राज्यात.

त्या राज्याची आठवण आता थोड्याच वृद्धांपाशी उरली आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत अंबाजोगाईच्या, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादच्या, मुलास पुण्यास शिकावयास जाणे हेच अर्धे परदेशगमन होते. वाटेत करोडगिरीचा नाका लागे. खिशातील हाली सिक्का पलीकडे चालत नसे. इकडील वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, तिकडील इंग्रजी. नगरची हद्द ओलांडली की मराठी तीच, पण राज्य निराळे. अशा मुलांनी त्या वर्षांची हकीकत लिहून ठेविली असती तर आज मराठीत परदेशवर्षाचा एक अगदी वेगळा नमुना असता: भाषा न बदलता परका होणाऱ्या माणसाचा. मुक्तिसंग्रामाच्या आठवणींतून असे काही तुकडे विखुरलेले सापडतात. त्या आठवणींचा रोख अर्थातच लढ्याकडे आहे, शिकणाऱ्या मुलाच्या वर्षाकडे नाही.

येथे कोणी म्हणेल की, वाङ्मय म्हणजे का सावकाराची वही? प्रवासाचा निव्वळ आनंद लिहू नये काय? अवश्य लिहावा. पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ १९६० साली ग्रंथरूपाने आली ती आनंदानेच भरलेली आहे. पण तिच्यातील हास्यामागे एका अख्ख्या मध्यमवर्गाची विलायतेविषयीची दाबून ठेवलेली हौस आहे, आणि ती हौस आपली एकट्याची नव्हे हे लेखक क्षणभरही विसरत नाही. तीही एक उचलच. त्यांच्यानंतर ज्यांनी तो ढंग उचलला त्यांनी हास्य घेतले आणि हौसेचा लाजराबुजरा प्रामाणिकपणा मागेच ठेवला. तेव्हापासून मराठी माणूस परदेशी गेला की स्नानगृहाचा विनोद हटकून येतो.

सांप्रत आमच्या जिल्ह्यातूनही मुले-मुली परदेशी जाऊ लागली आहेत. काही राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या सरकारी शिष्यवृत्तीवर, काही बँकेच्या कर्जावर. बीडचा जो तरुण परदेशात सर्वांस ठाऊक झाला तो आष्टी तालुक्यातील मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे. २०२२ साली त्याने अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या उंचीवर सराव केला, आणि त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत स्टीपलचेस पुरी करून रौप्यपदक मिळविले. त्याने आपली फेड सेकंदांत केली. त्याच्याकडे आम्ही लेख मागणार नाही. मागावयाचा तो इतरांकडे.

आणि मागताना एवढेच सांगू की, बर्फ थोडे कमी चालेल. बँकेने कर्जाच्या पत्रावर काय लिहिले होते, जामीन कोण राहिले, पहिला हप्ता कोणत्या महिन्यापासून, दुपारच्या वर्गानंतर रात्री भांडी घासण्याचे काम मिळाले तेव्हा तासाचे किती मिळाले व त्याचे रुपये मनात किती वेळा केले, हे लिहावे. घरी दूरध्वनीवर काय सांगितले आणि काय सांगितले नाही, तेही. आमच्याकडे अशी घरे आहेत की ज्यांतील आईबापांनी कोयत्यावर हंगाम काढून मूल शिकविले. त्या मुलाने परदेशातील आपले वर्ष लिहावयास घेतले तर त्यास दोन उचली एकाच पानावर मांडता येतील: मुकादमाच्या वहीतील आणि बँकेच्या पत्रातील. असे पान अद्याप आमच्याकडे आलेले नाही. आल्यास त्यास या मासिकात अग्रस्थान मिळावे अशी शिफारस आम्ही संपादकांकडे आजच करून ठेवीत आहोत.